रविवारच्या उपासनेमागचं काम: आई-बाबांना पत्र

मॅसॅच्युसेट्स

ती. आई-बाबांस,

सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, इथल्या युनिटेरियन मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या, देव एकच मानणाऱ्या उदार पंथाच्या स्थानिक उपासक गटात, पुजारी नाही, वरून कुणाचा हुकूम येत नाही, मग दर रविवारी हे सगळं चालवतं कोण? ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आणि हिशेब आता तुमच्या गळ्यात पडलाय, तेव्हा तुम्हाला उपयोगी पडेल इतक्या तपशिलात लिहिते. आई, कॉफीचा भाग तुझ्यासाठी. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी रचना थोडक्यात. अमेरिकेतले युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट (शेवटी सगळेच तरतात असं मानणारा पंथ) १९६१ मध्ये एकत्र आले. त्यांची मध्यवर्ती संघटना बॉस्टनला आहे, पण ती कुठल्याही मंडळीवर मिनिस्टर, म्हणजे प्रवचन देणारा धर्मोपदेशक, लादत नाही. मिनिस्टर मंडळीच मतदान करून बोलावते, पगार तीच देते, आणि छत गळलं तर पैसेही तिनेच उभे करायचे. प्रार्थना समाजाची उपासना पाहिलेल्या माणसाला इथला क्रम फारसा परका वाटणार नाही. नातं जुनंच आहे: प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांचंच.

आता काम. इथल्या जुन्या लाकडी, उंच छताच्या इमारती तापायला फार वेळ लागतो. आठवडाभर आत साधारण १३ अंश सेल्सिअस ठेवायचे आणि दहाच्या उपासनेसाठी रविवारी पहाटे सहा-सातला हीटिंग वाढवायचं. पैसे वाचवायला त्याखाली फार उतरलं, की बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि तापमान व दमटपणा सारखा वरखाली झाल्याने पियानोचे सूर उतरतात. बर्फ पडला की पुढच्या पायऱ्या आणि व्हीलचेअरचा उतार सगळेच साफ करतात. राहून जातं ते मागचं आपत्कालीन दार. ते बाहेर उघडतं, त्यामुळे फूटभर बर्फ साचला तरी आतून ढकलता येत नाही. म्हणून इमारत सांभाळणाऱ्याच्या यादीत ते दार पहिलं हवं.

ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्यांचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, चुकलं की मात्र सगळ्यांच्या कानांत भरतं. माइकच्या बॅटऱ्या दर रविवारी उपासनेआधीच बदलायच्या. ‘अजून दोन कांड्या दिसतायत’ यावर विश्वास ठेवायचा नाही. खरा प्रश्न येतो तो सुखदुःखाच्या वेळी. तेव्हा मंडळीतला कुणीही पुढे येऊन आपल्या घरची बातमी सांगतो: नातू झाला, बहीण आजारी आहे. हमखास कुणीतरी म्हणतं, ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको.’ हॉलमधल्यांना ते ऐकू येतं. पण कानात यंत्र लावून हॉलच्या ध्वनियंत्रणेशी जोडलेल्या म्हाताऱ्यांना आणि घरून झूमवर बसलेल्यांना काहीच ऐकू येत नाही, कारण त्यांच्यापर्यंत फक्त माइकमधला आवाज जातो. त्यामुळे माइक देणाऱ्याला नम्रपणे हट्ट धरावा लागतो. बाबा, तुमच्या संघातही हे होणारच, लिहून ठेवा.

झूमची आणखी एक खोड आहे. ते सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबतं, त्यात पियानोही जातो. सेटिंगमध्ये संगीतासाठीचा मूळ आवाज चालू केला नाही, तर घरच्यांना सूर तुटक ऐकू येतात. हॉलमध्ये उपासनेत गाणी म्हणायला इथे कायद्याने परवानगी लागत नाही, तीच गाणी इंटरनेटवरून दाखवायला मात्र वेगळा परवाना लागतो. त्याचं नूतनीकरण कोण करतं, हे बहुतेक मंडळींत एकाच माणसाला ठाऊक असतं. त्याबद्दल पुढे बोलते.

उपासनेच्या सुरुवातीला चषकात ज्योत लावतात. हे चिन्ह १९४१ मध्ये हान्स डॉइच यांनी युनिटेरियन मदत समितीसाठी काढलं होतं. सुखदुःख सांगणारा वाळूच्या भांड्यात एकेक बारीक मेणबत्ती खोचतो. वाळू चार बोटं तरी खोल हवी, आणि मेणबत्त्यांत अंतर हवं. दाटीने खोचल्या की एकीच्या धगीने दुसरी वाकते. वाळू अधूनमधून चाळायची, नाहीतर मेणाचे खडे होतात. छताचा पंखा बंद ठेवायचा. एवढंच.

पैशांचं मात्र तुम्हाला सविस्तर सांगते, बाबा. दानपात्रं फिरून आली की दोन माणसं मिळून मोजतात, आणि ती नवरा-बायको किंवा एका घरातली नसावीत हा नियम. मोजणी त्याच दिवशी, तिथेच. पिशवी घरी न्यायची नाही. कागदावर नोटा प्रकाराप्रमाणे, नाणी, प्रत्येक चेक वेगळा, खाली दोघांच्या सह्या, मग बँकेच्या पिशवीला सील. मोजणारा वहीत नोंद करत नाही, चेकवर सही करणारा बँकेचा ताळमेळ लावत नाही. तुमचं मेकर-चेकरच हे, एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. कुणावर संशय म्हणून हे करत नाहीत. उद्या काही कमी भरलं, तर भल्या माणसाचं नाव खराब होऊ नये म्हणून करतात.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. काही रविवारी दानपात्रातली रक्कम गावातल्या एखाद्या संस्थेला देतात. त्याच पात्रात सभासदांच्या वार्षिक वर्गणीचे चेकही पडलेले असतात. चेकवर ‘वर्गणी’ असं लिहिलेलं नसेल, तर मंडळीचे पैसे संस्थेकडे जातात किंवा उलट. म्हणून मोजणाऱ्यांच्या हाताशी वर्गणीदारांची यादी ठेवतात. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिलेल्याला करसवलतीसाठी लेखी पोच द्यावीच लागते. जानेवारीत हे पत्रांचं काम खजिनदाराच्या मानेवर बसतं.

आर्थिक वर्ष बहुतेक ठिकाणी जुलै ते जून. फेब्रुवारी-मार्चमध्ये सभासदांकडून वर्षभराच्या वर्गणीचं वचन घेतात, मे-जूनच्या सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मंजूर होतं. आलेली सगळी वचनं शंभर टक्के धरणारा खजिनदार नवखा समजावा. माणसं गाव सोडतात, नोकरी जाते, कुणी वारतं. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये लोक सुट्टीवर जातात, दान आटतं, पगार मात्र थांबत नाहीत. तेवढी रोकड वसंतातच बाजूला ठेवावी लागते.

मुलं पहिली पंधरा मिनिटं मोठ्यांबरोबर बसतात, मग आपल्या वर्गात जातात. प्रत्येक वर्गात नात्यात नसलेली दोन मोठी माणसं, दोघांचीही पार्श्वभूमी तपासलेली. सकाळी एकाने आजारी असल्याचं कळवलं तर दोन वर्ग एकत्र करायचे. एकट्या माणसावर वर्ग सोडायचा नाही, तो कितीही विश्वासाचा असो.

आता कॉफी. आई, १०० कपांचा विजेचा बंब असतो. त्यात गारच पाणी भरायचं. कोमट भरलं तर बंबाला वाटतं काम झालं, आणि कॉफी फिकी उतरते. तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे सव्वाअकराला हवी तर पावणेदहाच्या आत बटण दाबलेलं हवं. असा एक बंब साधारण १५०० वॉट खातो. इथे वीज १२० व्होल्टची आणि स्वयंपाकघरातलं एखादं जुनं सर्किट १५ अँपिअरचं, म्हणजे सगळी मिळून १८०० वॉट. साध्या आणि कॅफीन काढलेल्या कॉफीचे दोन बंब एकाच सर्किटवर लावले की ब्रेकर पडतो, उपासना चालू असल्याने कुणाला कळत नाही आणि शेवटी दोन्ही कोमट. उपाय सोपा: वेगवेगळ्या सर्किटच्या प्लगांवर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवायच्या. कॉफी झाली की चोथ्याची जाळी लगेच काढायची, नाहीतर ती कडू होत जाते.

कॉफी करायला माणसं मिळतात, कप विसळायला मिळत नाहीत. शहाण्या मंडळींत पाळीच्या तक्त्यावर धुणं हे वेगळं काम म्हणून लिहितात. हा तास महत्त्वाचा का, तर नवा माणूस पुन्हा येणार की नाही ते प्रवचनापेक्षा इथे ठरतं. आणि नेमके त्याच वेळी समितीवाले एकमेकांना कोपऱ्यात गाठून छताच्या खर्चावर बोलत उभे राहतात, नवा माणूस कप धरून भिंतीशी. काही ठिकाणी नियमच आहे: पहिली दहा मिनिटं समितीचं बोलणं बंद.

वर्षाकाठी जूनमध्ये फुलांची उपासना होते. नॉर्बर्ट चापेक यांनी ती १९२३ मध्ये प्रागला सुरू केली. नाझींनी त्यांना डाखाऊला नेलं आणि १९४२ मध्ये मारलं. त्यांची पत्नी माया यांनी ही पद्धत त्याआधीच अमेरिकेत आणली होती. प्रत्येकाने एक फूल आणायचं, जाताना दुसऱ्याचं न्यायचं. बरेच जण विसरून येतात, म्हणून फुलंवाल्या समितीने पंचवीस-तीस फुलं जादा पाण्यात ठेवायची. उग्र वासाची लिली नको, दम्याच्या लोकांना त्रास होतो.

या सगळ्या कामांचं खरं दुखणं म्हणजे तीच ती पंधरा-वीस माणसं. विश्वस्तांची मुदत बहुधा तीन वर्षांची ठेवतात, आणि नवी नावं शोधायला स्वतंत्र नामनिर्देशन समिती असते. तरी दमलेल्याला सोडताना लाज वाटते, आणि तो गाव सोडून गेला की मग कळतं, झूमचा पासवर्ड, बॉयलरवाल्याचा नंबर, परवान्याची तारीख सगळं त्याच्याच डोक्यात होतं. म्हणून प्रत्येक कामाचं एका पानाचं टिपण आणि ते दोघांच्या हातात, हे मला मुदतीच्या नियमापेक्षाही मोलाचं वाटतं.

बाबा, मोजणीच्या कागदाचा कोरा नमुना सोबत पाठवते आहे. डॉलरच्या जागी रुपयांचे रकाने मी करून ठेवलेत. ५००, २००, १००, ५०, २० आणि १०. सह्यांसाठी दोन ओळी आहेत, त्यातली दुसरी रिकामी ठेवून पावती फाडू देऊ नका, अध्यक्ष कितीही घाईत असले तरी. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मनू