समर टायर पावसाला भीत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'स्पोर्ट्स कारचे टायर उन्हाळी असतात, म्हणून पावसात ती गाडी घराबाहेर काढू नये' असं आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचलं आणि राहवलं नाही. सल्ल्याशी माझं फार भांडण नाही, कारणाशी आहे. गेली सहा वर्षं मी दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी बारा महिने चालवतो. एकदा भर पावसात तिने मला गर्रकन उलट्या तोंडाने उभंही केलं आहे. तेव्हा हे काही ऐकीव ज्ञान नाही.

समर टायरचं नाव तापमानावरून पडलं आहे. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की त्याचं रबर कडक होत जातं आणि रस्ता धरेनासं होतं. थंडीत तो टायर खरंच वाईट, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. पण उबदार हवेतल्या पावसात भरपूर नक्षी (म्हणजे रबरातल्या खाचा) असलेला चांगला समर टायर ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायरपेक्षा सहसा आधीच गाडी थांबवतो. युरोपात २०१२पासून टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापतात. तिथे 'ए' ही सगळ्यात वरची श्रेणी मिळवणाऱ्यांत समर टायर ढिगाने सापडतील. लेखकाने नावावरून स्वभाव ठरवला, एवढंच.

मग माझी गाडी का फिरली? हवा उबदार होती, वेग ताशी ८५ किलोमीटर होता, रस्ता डावीकडे हलकासा वळत होता. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी साचलेलं दिसलं, पण डबकं म्हणावं इतकंही नव्हतं ते. पुढची चाकं त्यातून निघाली. पुढच्याच क्षणी ॲक्सिलरेटर तसाच असताना आरपीएमचा काटा टुणकन वर गेला आणि माझ्या पाठीखालची गाडी हलकी झाली. मी घाबरून पाय उचलला, आणि चूक झाली ती तिथे. वजन पुढे आलं, मागची चाकं आणखी हलकी झाली आणि गाडी फिरली. ईएससीचा, म्हणजे गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचा दिवा जीव तोडून लुकलुकत होता. पण आहे ती पकड वाटून देणं एवढंच त्या यंत्रणेच्या हातात असतं, आणि तिथे वाटायला काही नव्हतंच. थांबलो तेव्हा मी आलेल्या दिशेला बघत होतो आणि वायपर शांतपणे आपलं काम करत होते. मागून कोणी येत नव्हतं, हे निव्वळ नशीब.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याने गाडी जॅकवर चढवली. मी आधीच सांगून टाकलं, "टायर चांगले आहेत, मी बघतो दर महिन्याला." तो मागच्या चाकामागे बॅटरी घेऊन वाकला आणि म्हणाला, "साहेब, आतून खाल्लेत की." बाहेरच्या कडेला ५ मिलिमीटर नक्षी होती, मधे ४, आणि आतल्या बाजूला २ सुद्धा नाही. बोट फिरवलं तर आतली कडा जवळजवळ गोटा.

यात नवल काही नाही. वळणावर पकड मिळावी म्हणून अशा गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली ठेवतात, म्हणून सरळ रस्त्यावर झीज आतल्या कडेची जास्त होते. गंमत अशी की या टायरची नक्षी दोन्हीकडे सारखी नसते. बाहेरच्या कडेला वळणासाठी मोठे ठोकळे असतात, आणि पाणी बाहेर काढायच्या खाचांचा मोठा वाटा मध्यापासून आतल्या बाजूला असतो. म्हणजे पावसात सगळ्यात उपयोगी पडणारा भाग आधी झिजतो, आणि तोही उभ्याने बघणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी. मी दर महिन्याला बघत होतो ती बाहेरची कडा.

दुसरी चूकही माझीच. ओल्या रस्त्यावर हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं एका मित्राने सांगितलं आणि मी मागची हवा ३२वरून २५ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं होतं: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३२ पीएसआयला हिशेब येतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर, २५ला ८३. कारच्या रुंद टायरला हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण दिशा तीच. मी ८५वर होतो.

पाणी तरी किती? रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी धरा आणि टायरची रुंदी २४५. त्या वेगाला एकेका टायरला सेकंदाला १७ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे जवळजवळ एक बादली. २ मिलिमीटरच्या खाचेने ते कुठे न्यायचं? १.६ मिलिमीटर ही अनेक देशांत कायद्याची शेवटची मर्यादा आहे. तिथपर्यंत टायर 'चालतो' असं मानणाऱ्यांनी ही बादली डोळ्यांपुढे आणावी.

ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक टायर घालून जे रस्त्यावर फिरतात, त्यांच्याबाबतीत मात्र आपल्या लेखकाचं शंभर टक्के बरोबर आहे. त्यांना खाचाच मोजक्या. साचलेलं पाणी दिसलं की त्यांनी घरी जावं.

२०१९च्या पिढीपासून पोर्शे ९११मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत सेन्सर बसवलेत. ते उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून चालकाला सावध करतात. माझ्या जुन्या गाडीत ते काम माझ्या कानांना करावं लागतं, म्हणून पावसात रेडिओ बंद आणि क्रूझ कंट्रोलही बंद. आतली कडा मी आता जमिनीवर आडवा पडून मोजतो, आणि तिथे ३ मिलिमीटर उरले की मागची जोडी बदलतो. बाहेर ५ शिल्लक असताना टायर फेकायला जीवावर येतं, खोटं कशाला बोलू.

पुरवणीत पुढच्या वेळी 'कोणते टायर' यापेक्षा 'टायर कुठे मोजायचा' याचं एखादं चित्र छापता आलं तर पाहावं.

आपला एक वाचक

(नाव छापू नये ही विनंती. घरी मी 'जरा घसरली' एवढंच सांगितलं आहे.)