मेसच्या पत्र्याखाली फॉइल लावणाऱ्या दादांना

दादा, स.न.वि.वि.

नवी पेठेतल्या आमच्या मेसचं छत तुम्ही केलंत, त्याला आता तिन्ही ऋतू लागून झाले. पैसे तेव्हाच चुकते केले, आभार मात्र राहिले होते.

आधीचे एक जण बबल फॉइल (हवेचे फुगे असलेलं प्लॅस्टिक, वर चकचकीत थर) थेट पत्र्याला चिकटवून देणार होते. स्वस्त आणि एका दिवसात. तुम्ही आमच्या शेगड्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, हे प्लॅस्टिक आहे, पेटेल. वर टेकलेली बाजू वाया, कारण फॉइलसमोर हवेची पोकळी नसेल तर ते उष्णता अडवत नाही; आणि खालच्या बाजूची चमक फोडणीचा धूर खाऊन टाकेल.

तुम्ही पत्र्याखाली वारं खेळायला जागा सोडून ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, घातलंत, त्याचं फॉइल खालच्या अंगाला, मग इंचभर पोकळी आणि सिमेंट बोर्ड. चकचकीत बाजू उन्हाकडे नको का, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं! (पुण्यात सल्ला फुकट मिळतो.) फॉइल अंगावर आलेली उष्णता जवळपास ९५ टक्के परतवतं, तसंच स्वतः तापलं तरी खाली फारच थोडी सोडतं, हे आता मीच सगळ्यांना सांगते. खाली तोंड, म्हणून धूळही बसत नाही.

पण खरा फरक थंडीत कळला. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे भाताची वाफ त्याला लागायची आणि थेंब थेट परातीतल्या कणकेत. आता वाफ फॉइलपाशीच थांबते, आणि वर लोकर असल्याने फॉइल गार पडत नाही. म्हणूनच तुम्ही प्रत्येक सांध्याला ॲल्युमिनियम टेप मारत बसला होतात. आमच्या पोळीवाल्या मावशी तेव्हा हसत होत्या. फॉइलमधून करंट जातो म्हणून वायरिंग आधी पाइपात घ्यायला लावलंत, तेही बरं झालं.

आणि पश्चिमेची भिंत. ओल दिसू नये म्हणून तिथेही फॉइल मारा, असा आमच्या मालकांचा आग्रह होता. पाणी बाहेरून येतंय, आतून झाकलं तर भिंत कुजेल, असं सांगून तुम्ही हातचं काम सोडलंत. बाहेरच्या भेगा बुजवल्या, भिंत वाळली. रंगाचं काम तुमच्याच ओळखीच्या माणसाला द्यायचंय, नंबर पाठवा.

आपली,
मेसवाल्या काकू