'संगणकशास्त्र' नावात यंत्र कशाला?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकशास्त्र शिकवतो म्हटले, की समोरचा माणूस बंद पडलेला प्रिंटर दाखवतो. मला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही, आणि हे कोणाला खरेही वाटत नाही. यात लोकांचा काय दोष? विषयाचे नावच तसे आहे.

पहिल्या तासाला मी वर्गात हजार पानांचा शब्दकोश नेतो. एक शब्द सांगायचा आणि त्याचे पान शोधायला लावायचे. अट एवढीच, की पुस्तक बरोबर मध्ये उघडायचे, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघायचे, नको तो अर्धा भाग सोडायचा आणि उरलेल्यात पुन्हा तेच करायचे. फार तर दहा वेळा उघडले की पान सापडतेच. मग मी विचारतो, दोन हजार पाने असती तर? 'वीस वेळा' असे उत्तर हमखास येते. खरे उत्तर अकरा. ते अकराच का, इथून आमचा विषय सुरू होतो. त्या तासाला वर्गातली सगळी यंत्रे बंद असतात.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवून दिले, की काही प्रश्न कोणत्याही यांत्रिक रीतीने सुटणारच नाहीत. आजच्यासारखा संगणक तेव्हा नव्हता. त्यांच्या त्या निबंधात 'कम्प्युटर' हा शब्द येतो तो चक्क आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी! युक्लिडची मसावि काढण्याची रीत तर दोन हजार वर्षांहून जुनी.

इतरांनी नावे शोधली आहेत. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 'डेटालॉजी' सुचवले आणि कोपनहेगन विद्यापीठाने आपल्या विभागाला तेच नाव दिले. जर्मन आणि फ्रेंच भाषांनी 'माहिती'वरून शब्द घडवले. आपल्याकडे मात्र 'माहिती' हा शब्द माहिती तंत्रज्ञानाने आधीच अडवून ठेवला आहे.

'सायन्स' या शब्दावरूनही इंग्रजीत वाद आहे: जो विषय निसर्गाचा अभ्यास करत नाही, त्याला विज्ञान कसे म्हणायचे? मराठीत हा वाद उद्भवायचे कारण नाही. पाकशास्त्र, नाट्यशास्त्र, अर्थशास्त्र आपण बिनदिक्कत म्हणतो. पण हल्ली 'संगणक विज्ञान' लिहायची टूम निघाली आहे. तिने नसते भांडण उसने आणले. म्हणजे 'शास्त्र' राहू द्यावे, 'संगणक' बदलावा. 'गणनशास्त्र' हा माझा पर्याय. कानाला अजून जरा कोरडा लागतो, हे कबूल.

नावात काय आहे, भूमिती म्हणजे तरी जमिनीची मोजणीच ना, असे एका सहकाऱ्याने मला ऐकवले. मुद्दा बिनतोड आहे. पण भूमितीच्या शिक्षकाला कोणी शेत मोजायला बोलावत नाही.

आपला,
एक शिक्षक