प्रेमाची समीकरणे आणि टक्क्यांचे मथळे

महोदय,

‘गणिताने शोधले प्रेमाचे सूत्र’, ‘जोडपे टिकेल की नाही, समीकरण सांगणार’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. बातमीत समीकरण मात्र कधीच नसते. ते असते, तर त्यातून काय कळते आणि काय कळत नाही हे वाचकाने स्वतःच ताडले असते. म्हणून ते येथे मांडत आहोत. सुरुवातीला लागते ती फक्त बेरीज-वजाबाकी.

अ-ला ब-बद्दल वाटणारी ओढ एका आकड्याने दाखवायची. धन आकडा म्हणजे ओढ, ऋण म्हणजे तिटकारा, शून्य म्हणजे काहीच नाही. ब-चीही तशीच. समीकरण सांगते ते हा आकडा कोणत्या वेगाने बदलतो एवढेच. अगदी साध्या रूपात त्यात दोन भाग असतात: आपली भावना आपोआप ओसरणे आणि समोरच्याच्या भावनेला मिळणारा प्रतिसाद.

अ-मधील बदलाचा साप्ताहिक वेग = −०.३ × अ + ०.२ × ब
ब-मधील बदलाचा साप्ताहिक वेग = −०.३ × ब + ०.२ × अ

दोन्हींची बेरीज करा. एकूण ओढ ०.१ या दराने घटते, म्हणजे साधारण सात आठवड्यांत निम्मी होते. आता वजाबाकी करा. दोघांतला फरक ०.५ या दराने घटतो आणि दीड आठवड्याच्या आतच निम्म्यावर येतो. थोडक्यात, आधी दोघे एकमेकांसारखे होतात आणि मग दोघेही थंडावतात. आकड्यांची अदलाबदल केली, ओसरणे ०.२ आणि प्रतिसाद ०.३ धरला, की एकूण ओढ सात आठवड्यांत दुप्पट होऊ लागते. ती कोणत्या दिशेने वाढेल हे सुरुवातीच्या बेरजेच्या चिन्हावर ठरते. एकाची ओढ ५ आणि दुसऱ्याचा तिटकारा −४ असेल, तर दोघेही अखेर प्रेमाकडे जातात. −४ च्या जागी −६ असता तर दोघेही वैराकडे गेले असते.

अमर्याद वाढणारे प्रेम कोणी पाहिलेले नाही, हे या सरळरेषी प्रारूपाचे (मॉडेलचे) उघड वैगुण्य. इटलीचे संशोधक सर्जिओ रिनाल्दी यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात तिसरा भाग येतो: समोरच्याचे मुळातले आकर्षण, जे त्याच्या प्रतिसादावर अवलंबून नसते. वरच्या पहिल्या जोडीत प्रत्येकाला हे आकर्षण ०.५ द्या. नाते आता शून्यावर न विझता ५ या पातळीवर स्थिरावते. प्रतिसाद ०.२ चा ०.२५ केला की तीच पातळी थेट १० होते. प्रतिसाद ०.३ झाला, म्हणजे ओसरण्याच्या बरोबरीला आला, की स्थिर पातळीच उरत नाही. ही संवेदनशीलता लक्षात ठेवावी, कारण पुढे मोजमापात होणारी गडबड तिच्यामुळेच होते.

बातम्यांत सर्वाधिक गाजलेले उदाहरण अमेरिकी गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका गणितविषयक नियतकालिकात छापले. तेथे एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीने वाढते, पण दुसऱ्याची मात्र पहिला जवळ आला की घटते. परिणामी दोघे कायम चक्रात फिरतात आणि एकाच वेळी दोघांनाही प्रेम वाटते ते नेमके एक चतुर्थांश काळ. हे प्रकरण मुळात विद्यार्थ्यांना डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाचा वेग सांगणारी अशी समीकरणे, शिकवण्यासाठी रचलेले होते. ‘शास्त्रज्ञांचा शोध’ म्हणून ते मिरवावे असा स्ट्रोगॅट्झ यांचा दावा नव्हता.

एक्सेलवर ते करून पाहणाऱ्यांना एक खड्डा हमखास लागतो. दोन्ही सहगुणक, म्हणजे ओढीला गुणणारे आकडे, ०.२ धरले (दुसऱ्याचा ऋण), तर एक चक्र सुमारे ३१ आठवड्यांचे होते. रकाने एकेका आठवड्याच्या पायरीने भरले, की पहिल्याच चक्राअखेर आकडे जवळजवळ १.८५ पट फुगतात आणि नाते तीव्र होत चालल्याचा भास होतो. ती तीव्रता नात्यातली नाही, पायरी मोठी घेतल्याची आहे. पायरी एक दशांश आठवड्याची केली की फुगवटा साडेसहा टक्क्यांवर येतो. त्याहून सोपा उपाय असा की ब-चा नवा आकडा काढताना अ-चा जुना आकडा न घेता त्याच पायरीतला नवा घ्यावा. आकडे मग फुगत जात नाहीत.

आता मोजमापाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि गणितज्ञ जेम्स मरे यांनी खऱ्या जोडप्यांच्या १५ मिनिटांच्या वादग्रस्त विषयावरील बोलण्याचे चित्रीकरण करून बोलण्याच्या प्रत्येक पाळीला गुण दिले आणि समीकरणे त्यावर बसवली. काम कष्टाचे आणि मोलाचे आहे. परंतु चिडचिड, टोमणा, हसणे यांना गुण देणारी माणसेच असतात. वरच्या उदाहरणात ०.३ आणि ०.२ मोजताना ०.१ ची चूक झाली, तर विझणारे नाते आणि फुलणारे नाते यांतला फरकच पुसला जातो. सीमारेषा कोठे आहे हे समीकरण चोख सांगते. एखादे जोडपे तिच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगण्याइतकी मापे बारीक नसतात.

दुसरी गफलत टक्क्यांची. घटस्फोटाच्या भाकितांतील ‘९० टक्क्यांहून अधिक’ हे गाजलेले आकडे निकाल आधीच ठाऊक असलेल्या जोडप्यांवर समीकरण बसवून आलेले होते. हेमन आणि स्लेप या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये नमुन्याच्या अर्ध्या भागावर समीकरण बसवून उरलेल्या अर्ध्यावर तपासले, तेव्हा अचूकता घसरली. कसोटी खरोखरच ९० टक्के अचूक असली तरी हिशेब पाहा. समजा १००० जोडप्यांपैकी १०० विभक्त होणार आहेत. त्यांतली ९० कसोटी पकडेल, पण टिकणाऱ्या ९०० पैकीही ९० जोडप्यांना ‘तुम्ही विभक्त व्हाल’ असे सांगेल. म्हणजे हा निरोप ज्यांना मिळेल त्यांतल्या निम्म्यांना तो खोटा! आणि कोणतीही कसोटी न लावता ‘सगळी टिकतील’ म्हणणाराही ९० टक्के बरोबरच ठरतो.

(पहिली ३७ टक्के स्थळे नाकारा आणि मग त्या सर्वांहून सरस असे जे पहिले येईल ते स्वीकारा, हा बातम्यांतला दुसरा नियम तर सोडूनच द्यावा. स्थळांची संख्या आधी ठाऊक असावी, नाकारलेल्याकडे परतता येऊ नये आणि समोरच्याला नकाराचा अधिकारच नसावा, इतके सगळे त्यात गृहीत आहे. तरीही सर्वोत्तम स्थळ हाती लागण्याची शक्यता ३७ टक्केच.)

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी असे संशोधन छापताना समीकरण बसवलेली जोडपी आणि ते तपासलेली जोडपी वेगळी होती का, हे वार्ताहराने विचारून घ्यावे. आणि अचूकतेच्या टक्क्याशेजारी, अभ्यासातील एकूण किती जोडप्यांपैकी किती विभक्त झाली हा आकडाही छापावा.

आपले,
उपयोजित गणिताचे दोन अध्यापक