सेलमच्या फाशा आणि रायवरचा अरगट

प्रति,
संपादक,

महोदय,

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या इंग्रजी वसाहतीतील सेलमच्या चेटूक-खटल्यांवर (1692) आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. तिथे झटके येणाऱ्या काही मुलींनी लोकांवर चेटूक केल्याचे आरोप केले आणि त्यातून हे खटले उभे राहिले. राय धान्यावरील अरगट ही बुरशी हेच खटल्यांचे मूळ, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. बहुतेक इतिहासकारांनी हे कारण केव्हाच बाजूला ठेवले आहे.

अरगट आपल्या बाजरी उत्पादकांना ठाऊक आहे. कणसातून मधासारखा चिकटा गळतो, मग दाण्यांच्या जागी काळपट गाठी धरतात. म्हणून पेरणीआधी बियाणे 20 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 2 किलो) टाकून तरंगणारे काढून टाकतात. रायवरची बुरशी त्याच कुळातली, पण वेगळ्या जातीची. तिच्या विषाने आचके येतात, भास होतात, हे खरे. त्यावरूनच संशोधक लिंडा कॅपोराएल यांनी 1976 मध्ये हा तर्क मांडला. त्याच वर्षी स्पॅनोस आणि गॉटलिब या संशोधकांनी तो खोडून काढला. आचक्यांची अरगटबाधा प्रामुख्याने ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या भागांत दिसते. बंदराजवळच्या सेलमला मासे आणि दूध मिळत होते. शिवाय मुलींचे झटके आरोपीची नजर पडताच सुरू होत आणि तिचा हात लागताच थांबत. विषबाधा अशी हुकमी येत-जात नाही.

इतर स्पष्टीकरणे अधिक वजनदार आहेत. इतिहासकार बॉयर आणि निसेनबॉम यांनी 1974 मध्ये सेलममधल्या पटनम आणि पोर्टर घराण्यांची गटबाजी दाखवली. भाऊ किंवा मुलगा नसल्याने मालमत्तेच्या वारस ठरू शकणाऱ्या स्त्रियांवर संशय अधिक वळत होता, हे कॅरल कार्लसन यांनी 1987 मध्ये मांडले. मेरी बेथ नॉर्टन यांनी 2002 मध्ये उत्तरेकडच्या मेन प्रांताच्या सीमेवर वाबानाकी या मूळ रहिवाशांशी चाललेल्या युद्धाकडे लक्ष वेधले: तक्रारदार मुलींपैकी काही तिथून पळून आलेल्या होत्या, आणि फाशी गेलेले पाद्री जॉर्ज बरोजही तिथूनच पकडून आणले होते. मात्र सर्वाधिक आरोपी सेलमचे नव्हते, शेजारच्या अँडोव्हरचे होते. एका गावातली भाऊबंदकी तिथपर्यंत पुरत नाही.

मुलींना झटके का आले आणि 19 माणसे फासावर का गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखात नेमकी त्यांचीच गल्लत झाली आहे. पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसऱ्याचे उत्तर न्यायालयात आहे. मे 1692 मध्ये गव्हर्नर फिप्स यांनी खास न्यायालय नेमले. विल्यम स्टॉटन मुख्य न्यायाधीश. ‘अमुक बाईचे छायारूप येऊन मला चिमटे काढते’ ही साक्ष तिथे ग्राह्य धरली. ते रूप फक्त तक्रारदाराला दिसणार, म्हणजे आरोपी त्या वेळी दुसरीकडे होती हे सिद्ध करूनही उपयोग नाही. त्यात कबुलीचा फास. कबुली देऊन ती कायम ठेवणाऱ्या एकालाही फाशी झाली नाही, नाकारणारे मात्र लटकले. कबुली खरी वाटायची तर साथीदारांची नावे हवीत; मग प्रत्येक कबुलीतून नवे आरोपी. त्यामुळेच आरोपींची संख्या दीडशेच्या पुढे गेली. 10 जूनला एक, 19 जुलैला पाच, 19 ऑगस्टला पाच, 22 सप्टेंबरला आठ, असा फाशांचा क्रम आहे.

ऑक्टोबरमध्ये इन्क्रीज मॅदर यांच्यासारख्या धर्मगुरूंनी अशा साक्षीवर आक्षेप घेतला, आरोपही प्रतिष्ठितांच्या घरांपर्यंत पोहोचले होते. फिप्स यांनी ते न्यायालय मोडले. जानेवारी 1693 मध्ये नव्या न्यायालयाने छायारूपाची साक्ष बाजूला ठेवली. तीच गावे, तीच भांडणे, सीमेवर युद्ध चालूच. तरी बहुतेक जण सुटले. दोषी ठरलेल्या तिघांनाही फिप्स यांनी वाचवले. खटल्यांच्या कारणांबद्दल याहून बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाही, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आणखी एक दुरुस्ती कृपया छापावी. लेखासोबतच्या चित्रात बाईला खांबाला बांधून जाळताना दाखवले आहे. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही. इंग्रजी कायद्यात चेटकाला फाशी होती. किमान पाच जण तुरुंगात मेले. आणि खटल्याला सामोरे जायला नकार देणाऱ्या जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याला 19 सप्टेंबरला अंगावर दगड रचून चिरडून मारले.

आपला,
एक वाचक, सातारा