मुक्काम कोल्हापूर

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बरं, जेवलीस का?" विचारते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावा, स्वतः वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही. तुम्ही गाळलंत की तिला कळतं.

फोर्टातल्या चेंबरमधलं माझं वकिलीचं टेबल मी सोडलं. जानेवारीपासून इथं भाऊसिंगजी रोडजवळ ऑफिससाठी एक खोली घेतली आहे. अनामत भरली, करार नोंदवून झाला, पाटी रंगवायला टाकली. ऑगस्टात निघताना "हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू होतंय, थोडे दिवस जाऊन बघते" म्हणाले होते. ते बघून झालं. मी इथंच राहणार आहे.

बाबांना पेपरातलं सगळं पाठ असेल, पण आईसाठी पुन्हा सांगते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं १८ ऑगस्टपासून सीपीआर हॉस्पिटलजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालतात. माझ्या बॅगेत होतं तरी काय? आजरा-चंदगडच्या जमिनी, भुदरगडचे बांध, एखादं कणकवलीचं वाटप. ती सगळी कामं फायलींसकट इकडं आली. मग फोर्टात मी कुणाची वाट बघत बसणार? शिवाय तिथल्या टेबलाच्या भाड्यात इथं दार असलेली खोली मिळते, पक्षकाराला टेकायला बाक मिळतो. शिवाय इथले जुने वकील दिवाणी दाव्यात मला सहज खाऊन टाकतील, पण रिट कशी दाखल करायची, सेकंड अपिलात कायद्याचा प्रश्न कसा बांधायचा हे विचारायला तेच माझ्याकडं येतात. शिवाय औरंगाबादलाही १९८१ साली आधी सर्किट बेंचच आलं होतं, पुढं त्याचं कायमचं खंडपीठ झालं. इथंही खंडपीठासाठी शेंडा पार्कातल्या जागेचं चाललं आहे. शिवाय मी बेचाळीस वर्षांची आहे, उमेदवारी करायला पन्नाशीनंतर कोण जातं?

इतकी "शिवाय" आली की समोरचा वकील ओळखतो, खरा मुद्दा अजून पुढं आलेला नाही. तो असा, की मला इथं राहावंसं वाटतं. कुणी पाठवलं नाही, कुणी अडकवून ठेवलं नाही. मला इथलं काम आवडतं, सकाळी चालत कोर्टात जाणं आवडतं, कोर्टातून बाहेर पडल्यावर पक्षकाराबरोबर कट्ट्यावर बसून त्याला त्याच्याच भाषेत निकाल समजावून सांगणं आवडतं. लालबागेत माझा जीव रमत नव्हता असं नाही. तुमच्यापासून सुटका हवी होती असं तर मुळीच नाही. आई, हे वाक्य बाबांकडून दोनदा वाचून घे.

बाबा, निघायच्या आदल्या रात्री तुम्ही गॅलरीत पाठमोरे उभे राहून म्हणालात, "जिथनं मी पोटासाठी निघालो, तिथं तू पोटासाठी निघालीस." मी तेव्हा बॅग भरत राहिले. त्यावर इतके महिने घोळवून जे उत्तर तयार झालंय ते तुमच्या मनाला लागू नये एवढीच इच्छा आहे. तुम्ही सतराव्या वर्षी निघालात तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. वरच्या मळ्यात चौघा भावांचं भागत नव्हतं, म्हणून सगळ्यात काटक पोराला मुंबईच्या गाडीत बसवलं. गावकीच्या खोलीत एका वळकटीवर पाळीपाळीनं तिघं झोपायचात, एक उठून गिरणीत गेला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. तुम्हाला जावं लागलं, मला जाता आलं. हा फरक तुम्हीच घडवलात, आणि मला वाटतं त्यात तुमचं काही हरलेलं नाही. काकांच्या बांधाचा विषय मी इथं राहून काढणार नाही, तेवढी खात्री बाळगा. गावाकडं गेले तरी चहा पिऊन येते.

मी गिरण्यांच्या संपानंतरची. त्यामुळं माझ्या डोक्यात गिरणीचा भोंगा नाहीच, गावाकडून कोर्टाच्या तारखेला येणारी माणसं आहेत. आई डबे करायची त्या दिवसांत ती माणसं रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून पहाटे दादरला उतरायची, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तोंड धुवायची, पिठलं-भाकरी खाऊन बाबांच्या मागोमाग फोर्टच्या बसला लागायची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. संध्याकाळी परत यायची तेव्हा चेहऱ्यावरूनच कळायचं, बोर्डावर मॅटर होतं पण नंबर लागला नाही. मग पुन्हा रात्रीची गाडी. मी चौथीत असेन, तलाठ्याची नोटीस नाहीतर फेरफाराचा उतारा माझ्यापुढं धरून म्हणायची, "काय लिवलंय बघ की गं पोरी." मला निम्मं समजायचं नाही, पण मी खड्या आवाजात वाचायचे आणि पांढरी टोपी मांडीवर ठेवून ती मोठी माणसं ऐकत बसायची. आई भाकरीचा पहिला पापुद्रा काढून तूप लावून माझ्या हातात ठेवायची, वाचण्याची फी म्हणून. एवढी वेळेवर मिळालेली फी त्यानंतर मला क्वचितच मिळाली आहे.

त्यातले धोतर नेसणारे, तंबाखूला "औषध" म्हणणारे आजोबा आठवतात? त्यांचा नातू परवा माझ्याकडं आला. तीच जमीन, पुढचं अपील. सकाळच्या एसटीनं आजऱ्याहून आला, दुपारच्या आत त्याचं मॅटर निघालं, पुढची तारीख घेऊन तो म्हशीच्या धारेच्या वेळेला घरी पोचलासुद्धा. जाताना त्यानं घनसाळ तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मुंबईच्या आजी हाईत का अजून?" मी म्हटलं, आहेत, आणि अजून मला ओरडतात. तांदूळ दादाबरोबर पाठवते. पेजेला वापर, भातासाठी रोज काढू नकोस, वास जातो.

हे सांगून मी माझ्या इथं येण्याला पुण्यकर्माचा मुलामा देत नाही. फी घेते. नातवाकडूनही घेतली, थोडी कमी.

माझी काळजी करू नका. राहायची खोली राजारामपुरीत आहे, वरच्या मजल्यावर. बाबा लगेच पुराचं काढतील. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथं रिक्षावालासुद्धा सांगतो. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठच्या पेठांत काय झालं ते मी ऐकलंय, म्हणूनच जागा उंचावरची बघितली. पावसाळ्यात रस्ते तुंबून महामार्ग बंद झाला तर मी आठ दिवस इथं अडकेन, बुडणार नाही. मालकीणबाई खाली राहतात, तुझ्यासारखंच "मी आलो गं" म्हणतात आणि रात्री उशीर झाला तर झोपत नाहीत. दूध घरपोच येतं. मिसळ आठवड्यातून एकदाच खाते. (बाबा, दोनदा.) तांबड्या रश्शाचं पोटाला जमतंय, पांढरा मात्र तुझ्या हातचा आठवला की गिळवत नाही.

आता तुमचं. पहाटेचं पाणी भरायला आपल्या ओळीतला शेवटच्या खोलीतला मुलगा येईल. पिंप आणि दोन्ही हंडे तोच भरेल, त्याचे पैसे मी परस्पर पाठवते. त्याला चहा द्या, बिस्किट द्या, नोकरी कशी करावी यावर व्याख्यान देऊ नका, नाहीतर तो महिन्याभरात पळेल. आई, तू एक तांब्याही उचलायचा नाहीस. गुडघ्याचं दुखणं लपवतेस हे मला इथून कळतं, कारण तू फोनवर उठताना "अगं आई गं" म्हणतेस आणि मग "काही नाही, मांजर होतं" म्हणतेस. आपल्याकडं मांजर नाही.

औषधं कोपऱ्यावरचा दुकानदार महिन्याच्या सुरुवातीला घरी आणून देईल. आठवड्याच्या खणांची डबी दादा रविवारी भरून जाईल. सकाळचा खण सकाळीच उघडायचा, राहिला म्हणून रात्री दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. बाबा, श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. बरं वाटतंय ते पंपामुळंच. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. तीस वर्षं गिरणीच्या कार्डिंग खात्यात कापसाची धूळ खाल्लीत, ती "थोडा खोकला" म्हणून जात नाही. शेजारी उदबत्तीचा पुडा एकदम लावतात तेव्हा आत या, भिडस्तपणा करू नका. आणि गूळ. इथं गुऱ्हाळं सुरू आहेत, दादाबरोबर ढेप पाठवते, पण ती आईसाठी आणि चाळीत वाटायला. गुळानं साखर वाढत नाही हे तुम्हाला ज्यानं सांगितलं त्याला माझा नमस्कार सांगा. वाढते.

एक गोष्ट लिहायला मला अवघड वाटते आणि वाचायला तुम्हाला वाटेल. ती खुर्ची. मी निघताना आणलेली कमोडची खुर्ची तुम्ही माळ्यावर टाकलीत असं दादा म्हणाला. बाबा, रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत अंधारात जायचं, ओल्या लादीवरून, तेही काठी न घेता, म्हणून मला इथं झोप लागत नाही. मोरीत दांडी बसवून घेतली तेव्हा तुम्ही चिडलात, आता तीच धरून उभे राहता. खुर्चीचंही तसंच होईल. कुणी बघत नाही. मी लहान असताना रात्री मला त्याच गॅलरीतून कडेवर घेऊन जायचात, मी खांद्यावर झोपून जायचे आणि तुम्ही मला न उठवता परत आणून टाकायचात. तेव्हा तुम्हाला लाज वाटली नाही. आता माझ्यासाठी एवढं करा. दादा रविवारी खुर्ची खाली काढेल.

दादावर सगळा भार पडला असं मनात आणू नका, आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. तो डोंबिवलीहून उभ्यानं येतो, त्याला आल्या आल्या भाजीला पिटाळू नका. आणि आई, "मुलगी असती तर" हे वाक्य वहिनीसमोर नको. मुलगी आहे, कोल्हापूरला आहे, आणि तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ तिनं वहिनीलाच घ्यायला सांगितली आहे. वहिनीनं घेतलीही.

तुम्हाला इकडं या म्हणून मी मागं लागणार नाही. आई, लालबाग सोडून तुला करमणार नाही, हे मला माहीत आहे. गणपतीचे दिवस, खालची मंडई, गॅलरीतल्या बायका, हे मी राजारामपुरीत कुठून आणू? पण राहायला नाही, भेटायला या. जानेवारीच्या ३१ तारखेपासून अंबाबाईचा किरणोत्सव आहे, तीन संध्याकाळी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर सरकतं, तेच जे तू लग्नाआधी एकदा बघितलंस आणि आम्हाला इतकी वर्षं सांगत आलीस. गर्दी असते, बाबांना आत कोंडल्यासारखं होईल, ते भवानी मंडपात माझ्याबरोबर बसतील आणि तुला मालकीणबाई घेऊन जातील. महालक्ष्मीचं तिकीट मी काढते, दोन्ही खालचे बर्थ. एक नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशीचं काढेन. "कशाला खर्च" हे उत्तर धरलं जाणार नाही. दहा तारखेच्या आत हो किंवा नाही कळवा, आणि नाही असेल तर फोन आईनं करायचा.

मी महिन्यातून एकदा येतेच आहे. शुक्रवारी कोर्ट सुटलं की रात्रीची गाडी, रविवारी परत. कपडे धुवायला आणीन, म्हणजे तुला मी गेल्यासारखं वाटणार नाही.

पाटीवर नाव पूर्ण लिहिलंय, बाबांचं मधलं धरून. रंगाऱ्यानं विचारलं, एवढं लांब कशाला? म्हटलं, अक्षरं बारीक कर पण सगळं बसव.

तुमची,
बेबी

ता. क. चाळीच्या पुनर्विकासाचे लोक पुन्हा कागद घेऊन आले तर बसवा, चहा पाजा, सही करू नका. संमतीपत्राचा फोटो काढून दादाला मला पाठवायला सांगा. सही छान येते म्हणून बाबा कुठंही करतात. गिरणीच्या घराच्या अर्जाची फाईल कपाटात खालच्या कप्प्यात, आईच्या शालूखाली आहे. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, ओळखीचा असला तरी. झेरॉक्स फाईलच्याच मागच्या खिशात आहेत.