बॉक्सचा स्क्रू शेवटी

चि. संग्राम यास अनेक आशीर्वाद.

काल गाडी सरळ चालत नाही, भरकटते, असं सांगता सांगता फोन तू आपटलास की रेंज गेली, ते विचारत नाही. मलकापूरच्या एसटीनं पार्सल धाडतेय. आत दोन टायरॉड एंड आहेत, पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या. डाव्यावर खडूनं फुली मारलीय. शिवाय चार स्प्लिट पिना, सहा ग्रीस निपल आणि चिवडा. चिवडा वन्संचा आहे, माझा नव्हे.

शुक्रवारी गूळ भरून आंबा घाट उतरणार आहेस, त्याबद्दल मी बोलणार नव्हते. बोलले नाही असं समज.

तुझा मिस्त्री म्हणतो, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला की झालं. कडक होईल, पण गाडी भरकटायची थांबणार नाही. चाकं सरळ असताना, मधोमध, बॉक्स आधीच घट्ट असतो. तिथंच जास्त आवळला की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येत नाही, हातानं ओढून आणावं लागतं, आणि आतले दात झिजतात ते वेगळंच. खेळ, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, बॉक्सच्या खाली असेल तर तो तसाच राहतो. घाटात एका वळणातून दुसऱ्यात शिरताना... असो.

आधी खेळ शोध. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असल्यानं इंजिन चालू ठेव, न्यूट्रलला. वर कुणाला तरी बसवून स्टेअरिंग चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं हलवायला सांग. स्टेअरिंग कडेवर इंचभराहून जास्त फिरूनही पुढचं चाक हलत नसेल तर काहीतरी झिजलंय. तू खाली बघ, वरून खाली क्रमानं: स्टेअरिंग कॉलमचा क्रॉस, बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट, बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, मग टायरॉड. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला जरा थांबून हलतो, तिथंच खेळ. डोळ्याला दिसला नाही तर सांध्यावर हात ठेव, टकटक बोटाला लागते. बॉक्सचे बोल्ट ढिले निघाले तर मला कळव, हसेन मी. निम्म्या गाड्यांत तेवढंच असतं आणि लोक नवा बॉक्स मागायला काउंटरवर येतात.

मग पुढची बाजू जॅकवर घे, खाली स्टँड लाव, नुसत्या जॅकवर नको. चाक वरखाली धरून हलव. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांग. ब्रेकवर हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन, चाक ज्यावर वळतं ती खुंटी. किंगपिनचे बुश रीमर मारून, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करून, बसवावे लागतात, ते तिथं नको, उद्यमनगरात आण. आडवं धरून हललं तर टायरॉड.

टायरॉड एंड काढताना आट्यावर हातोडा मारू नको. नट दोन आट्यांवर ठेव, आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला घण टेकव, दुसऱ्या बाजूनं ठोक, सुटतो. जुना किती आटे आत होता ते मोज, नवा तेवढाच घाल. नटाची खाच भोकाला जुळली नाही तर नट मागं घेऊ नको, पुढं आवळून जुळव. स्प्लिट पिन नवीच. ८ वर्षांचा असताना डोळे मिटून नुसत्या बोटांनी पिनेचा नंबर सांगायचास, गिऱ्हाइकं थांबून बघायची. तुझे तात्या बाहेरून कुणाकुणाला बोलावून आणायचे. आता म्हणतोस आई, तुला काय कळतं गाडीतलं.

चुकलं, परत तेच काढलं.

आणखी एक. गुळासाठी मागच्या स्प्रिंगांत दोन जादा पाटे घातलेस ना? रिकामी गाडी त्यामुळं मागून उंच राहते, पुढं वाकते आणि किंगपिनचा मागचा झुकाव कमी होतो. तो झुकावच चाकं सरळ धरतो. म्हणून रिकामी येताना ती जास्त भरकटते, हे तूच सांगितलंस, पण त्याचं कारण तुझ्या लक्षात आलं नाही. आणि गुळाचे रवे भरताना मागच्या फाळक्यापाशी रचू नको, ३० किलोचा एक रवा, पुढचं टोक हलकं पडतं. केबिनकडून भर. पुढच्या पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही बघ. अख्खा ॲक्सलच सरकत असेल तर टायरॉड बदलून काय होणार?

हे सगळं झाल्यावर उरला खेळ तर बॉक्स. चाकं अगदी सरळ, लॉकनट ढिला, स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून नको. लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेव. मग चाकं उचलून दोन्ही टोकांपर्यंत फिरव. मधे अडकलं तर लगेच मागं घे. शेवटी अलाइनमेंट, हवा, आणि पुढं दोन्ही टायर एकाच जातीचे. एक रेडियल, एक नायलॉन चालत नाही, सांगून ठेवते.

गुरुवारी काम नाही उरकलं तर शुक्रवारची फेरी शनिवारी कर, गूळ कुठं पळत नाही. वाटलं तर व्यापाऱ्याला मीच फोन करते. नको म्हणशील, माहीत आहे.

तात्यांचा पाय तसाच आहे.

जुने टायरॉड एंड फेकू नको, परतीच्या एसटीनं धाड. किती झिजलेत ते मला बघायचंय.

तुझी आई